हाडांचा हिशेब आणि बाळाची वाटी

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट आहे. टिटवाळ्याच्या माझ्या दवाखान्यात एक आजी नातवाला कडेवर घेऊन आल्या. मुलगा चौदा महिन्यांचा. तक्रार साधीच, सर्दी आणि खोकला. सवयीप्रमाणे मी त्याला वजनकाट्यावर ठेवले. वजन भरले साडेसात किलो. या वयाच्या मुलग्याचे वजन दहा किलोच्या आसपास असावयास हवे. मी विचारले, "आजी, बाळ जेवतो का नीट?"

"सगळं खातोय की डॉक्टर," आजी म्हणाल्या. "वरण हाय, भात हाय, दूध हाय. काय बी कमी नाय त्याला."

आजी शिरूर तालुक्यातल्या. मुलाच्या नोकरीमुळे टिटवाळ्याला राहायला आलेल्या. त्या खोटे बोलत नव्हत्या. मी केसपेपरवर 'आहार : सर्व' असे लिहिले आणि खोकल्याचे औषध दिले. मग त्या उठू लागल्या तेव्हा बाळाचे बारीक दंड पुन्हा नजरेस पडले. मी म्हटले, "आजी, उद्या याची रोजची वाटी घेऊन या. दुपारी भरवता ते जेवण तसेच त्यात घालून आणा."

दुसऱ्या दिवशी आजींनी वाटी आणली. तिच्यात वरणाचे वरवरचे निवळ पाणी होते आणि तळाशी भाताची मोजून दहा-पंधरा शिते. आणखी विचारल्यावर कळले, की सकाळी चहात बुडवलेली दोन बिस्किटे आणि संध्याकाळी पुन्हा तेच. 'दूध हाय' म्हणजे रात्रीचे आईचे दूध. आई पहाटेच्या लोकलने ठाण्याला कामावर जाते आणि दिवेलागणीनंतर परत येते. म्हणजे घरात सगळे काही शिजत होते, पण बाळाच्या पोटात त्यातले फार थोडे जात होते. माझ्या केसपेपरवर मात्र 'आहार : सर्व' असेच होते. असे कागद मी आजवर किती लिहिले असतील, या विचाराने त्या दिवशी मला बरे वाटले नाही.

सांगितलेला आहार आणि खाल्लेला आहार यांत असे अंतर पडते. ते ओळखण्याची एक शास्त्रीय रीत आहे. गंमत म्हणजे ती वापरण्यात आघाडी घेतली ती पुरातत्त्वज्ञांनी. त्यांच्यासमोर तीन-चार हजार वर्षांपूर्वीची हाडे असतात, आणि 'काय जेवत होतात?' असे विचारायला कोणी नसते. आज त्याच रीतीची ओळख करून घेऊ, कारण तिच्यातून आपल्या घरातील बाळाविषयी एक महत्त्वाचा धडा मिळतो.

भात वेगळा, भाकरी वेगळी

आपले शरीर अन्नातूनच बनते. अन्नात कार्बन असतो. निसर्गातला कार्बन एकाच वजनाचा नसतो. शंभर अणू घेतले तर त्यांतील सुमारे नव्याण्णव हलके, म्हणजे कार्बन-१२, आणि साधारण एक किंचित जड, म्हणजे कार्बन-१३. एकाच मूलद्रव्याच्या अशा वेगवेगळ्या वजनांच्या अणूंना समस्थानिके म्हणतात. हे दोन्ही अणू स्थिर आहेत. ते किरणोत्सर्ग करीत नाहीत, त्यामुळे त्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. आपण रोज जेवतो त्या प्रत्येक घासात ते असतातच.

हवेतून कार्बन घेण्याची सर्व वनस्पतींची पद्धत सारखी नसते. तांदूळ, गहू, जव, सर्व कडधान्ये, बहुतेक भाज्या आणि बहुतेक फळे यांचा एक गट आहे. या वनस्पती जड कार्बन बराचसा मागे सोडतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, मका आणि ऊस यांचा दुसरा गट. या वनस्पती जड कार्बन त्या मानाने अधिक घेतात. शास्त्रज्ञांच्या मोजपट्टीवर पहिल्या गटाचा आकडा हजारी उणे २६ च्या आसपास येतो आणि दुसऱ्याचा उणे १२ च्या आसपास. दोन्हींमधील अंतर इतके ठळक आहे, की भात खाणाऱ्याच्या आणि भाकरी खाणाऱ्याच्या हाडांत ते उमटते. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या भाषेत सांगायचे, तर खाचरातला भात आणि डोंगरउतारावरची नाचणी-वरी यांची शरीराच्या वहीत दोन वेगळी खाती असतात.

हे खाते जनावरांमार्फतही चालते. ज्वारीचा कडबा खाणाऱ्या गाईच्या दुधात आणि हाडांत ज्वारीचीच खूण उतरते. गुजरातेतील बगासरा येथे सिंधू संस्कृतीच्या काळातील गुरांच्या दातांची अशी तपासणी झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गाई-म्हशींच्या चाऱ्यात दुसऱ्या गटातील वनस्पतींचा मोठा वाटा आढळला. बाजरीच्या जातीच्या भरड धान्यांचा चारा त्यांना मिळत असावा, असा त्यावरून अंदाज बांधला गेला.

या रीतीचा आहाराच्या अभ्यासासाठी पहिला गाजलेला उपयोग १९७७ साली झाला. निकोलास व्हॅन डर मर्व आणि जॉन व्होगेल या संशोधकांनी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात सापडलेल्या जुन्या हाडांवरून तेथील मूळ रहिवाशांच्या आहारात मका केव्हा शिरला, याचा माग काढला.

नायट्रोजन सांगतो दुधाची गोष्ट

कार्बनवरून कोणत्या गटातील अन्न खाल्ले ते कळते. प्रथिने कोठून आली ते नायट्रोजनवरून कळते. नायट्रोजनचेही हलका आणि जड असे दोन स्थिर प्रकार आहेत. लघवीवाटे हलका नायट्रोजन अधिक बाहेर जातो आणि जड मागे राहतो. त्यामुळे गवतापेक्षा गवत खाणाऱ्या शेळीत आणि शेळीपेक्षा तिचे मांस व दूध खाणाऱ्या माणसात जड नायट्रोजन वाढत जातो. दर पायरीला हजारी तीन ते पाच इतकी ही वाढ असते.

आता अंगावर पिणाऱ्या बाळाचा विचार करा. त्याचे अन्न म्हणजे आईच्या शरीरातून आलेले दूध. म्हणजेच या शिडीवर बाळ आईच्या जवळजवळ एक पायरी वर असते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियातील माता आणि बाळे यांची नखे व केस तपासले गेले. केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांत हा आकडा आईपेक्षा हजारी दोन-तीनने चढलेला होता. वरचे अन्न सुरू होऊन अंगावरचे दूध कमी झाले, तसा तो उतरून आईच्या बरोबरीला आला. जन्मापासून डब्याच्या दुधावर असलेल्या बाळांत अशी चढण दिसलीच नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे लांब केसाचे तुकडे करून एकेका महिन्याचा आहार वाचता येतो.

हाडे आणि दात यांत मात्र एक फरक आहे. हाड आयुष्यभर झिजते आणि पुन्हा भरते, म्हणून मोठ्या माणसाच्या हाडात गेल्या दहा-पंधरा किंवा त्याहून अधिक वर्षांची सरासरी मिळते. दात एकदा तयार झाला की बदलत नाही. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी तोंडात दिसते, पण तिचा माथा जबड्याच्या आत जन्माच्या सुमारास बनू लागतो आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास पूर्ण होतो. म्हणजे सत्तर वर्षांच्या माणसाच्या त्या दाढेत त्याच्या पहिल्या तीन वर्षांचे अन्न जसेच्या तसे कुलूपबंद असते. दाढेच्या आतील थरांचे बारीक काप काढून अंगावरचे दूध केव्हा कमी झाले, हे संशोधक वाचू शकतात.

आपल्या उष्ण हवेत जुन्या हाडांतील कोलॅजेन हे प्रथिन बहुधा टिकत नाही, आणि नायट्रोजन तर त्यातच असतो. म्हणून भारतात दातावरच्या कठीण कवचातील कार्बनवर अधिक भिस्त ठेवावी लागते. मडक्यांचाही उपयोग होतो. कच्छमधील कोटडा भाडली येथील सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या खापरांत मुरलेल्या स्निग्धांशाचा कार्बन तपासून तेथे दूधदुभते होते, हे २०२० साली दाखवण्यात आले.

इनामगावची मुले

आजी शिरूरकडच्या म्हणताच मला इनामगाव आठवले. ते त्यांच्याच तालुक्यात, घोड नदीच्या काठी आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी ही त्या कामातील मोठी नावे. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या नऊशे वर्षांत तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. ते लोक जव, गहू आणि कडधान्ये पिकवीत. बोरे, आवळे, जांभळे गोळा करीत. गाईगुरे आणि शेळ्यामेंढ्या पाळीत, हरणांची शिकार करीत, मासेही खात. यादी वाचली तर कोणीही म्हणेल, 'काय बी कमी नाय'.

पण त्याच इनामगावात दोनशेहून अधिक दफने सापडली आणि त्यांतील बहुतेक लहान मुलांची होती. मूल गेले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत, त्यांत त्याला निजवीत आणि घराच्या जमिनीखाली पुरीत. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावच्या वस्तू पाहताना मी या मडक्यांच्या विचाराने बराच वेळ थबकलो होतो. अंगणात नाही, रानात नाही, तर घरातच. त्या आईबापांना मुलांची माया नव्हती, असे कोण म्हणेल?

वस्तीच्या अखेरच्या काळात, इ. स. पूर्व १००० नंतर, गव्हाचे पीक मागे पडले. चौकोनी मोठ्या घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. या काळातील मुलांच्या हाडांचा अभ्यास अमेरिकन संशोधिका ग्वेन रॉबिन्स शुग यांनी केला आणि २०११ साली त्यावर ग्रंथ लिहिला. वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांना या मुलांत दिसल्या. धान्याच्या दाण्यांवरून गावात काय पिकत होते ते कळते. मुलाच्या पोटात काय पोहोचले, ते मुलाचे हाडच सांगते.

एकच खूण, दोन अर्थ

या शास्त्रातील एक गोष्ट मला डॉक्टर म्हणून फार मोलाची वाटते. जड नायट्रोजन वाढला म्हणजे बाळाला भरपूर दूध मिळाले, असे सरसकट म्हणता येत नाही. उपासमार झाली की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाऊ लागते, आणि तेव्हाही हा आकडा चढतो. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या रोगामुळे मोठा दुष्काळ पडला. किलकेनी येथील अनाथ-गरिबांच्या आश्रमात मेलेल्यांना १८४७ ते १८५१ या काळात सामुदायिक खड्ड्यांत पुरले होते. २०१६ साली त्यांच्या दातांच्या थरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी उपासमारीने नायट्रोजनचा आकडा चढलेला आणि मग मदत म्हणून आलेला अमेरिकन मका पोटात गेल्यावर कार्बनचा आकडा बदललेला, असे दोन्ही त्या दातांत उमटले होते. दातांनी सरकारी मदतीची नोंद केली होती, आणि ती उशिरा आल्याचीही.

जिवंत बाळांसाठीही स्थिर समस्थानिके वापरतात. आईला जड हायड्रोजन असलेले थोडे पाणी प्यायला देतात आणि दोन आठवडे आई व बाळ यांच्या लाळेचे नमुने घेतात. बाळाकडे तो हायड्रोजन केवळ दुधातूनच येऊ शकतो. त्यावरून बाळाने रोज किती दूध प्याले आणि वरचे पाणी किती घेतले, दोन्ही कळते. 'फक्त अंगावरच पाजते' असे सांगणाऱ्या मातांच्या बाळांतही वरचे पाणी गेलेले या चाचणीत अनेकदा आढळले आहे. यात त्या मातांना दोष देण्याचे कारण नाही. घुटी, साखरपाणी, चमचाभर मध या गोष्टी आपण 'खाणे' म्हणून मोजतच नाही.

वाचक विचारतील, मग आमच्या बाळाची ही चाचणी कोठे करावी? कोठेही नाही. तिला मोठे यंत्र लागते आणि ती संशोधनासाठी आहे. घरच्यासाठी वजनकाटा, फूटपट्टी आणि बाळाची वाटी पुरेशी आहे. हाडांनी नोंद करण्याआधीच आपल्याला ती नोंद वाचता येते. इनामगावच्या आयांना ही सोय नव्हती.

वाटीत काय असावे?

बाळाचे पोट लहान असते. साडेसात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी सव्वादोनशे मिलिलिटर, म्हणजे मोठी वाटीभर अन्न मावते. ती वाटी वरणाच्या पाण्याने भरली, तर पोट भरते पण अंग भरत नाही. बाळ रडत नाही, आणि घरच्यांना वाटते की जेवला. खरी फसगत येथेच होते. म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. पाणी, घुटी, साखरपाणी काहीही नको. मध तर वर्षाच्या आत मुळीच चाटवू नये. त्यातील जिवाणूंच्या बीजांमुळे लहान बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

२. सहा महिने पूर्ण होताच उष्टावण करावी आणि ती एका दिवसाची हौस ठरू नये. दुसऱ्या दिवसापासून रोज अन्न सुरू राहिले पाहिजे. या वयानंतर आईच्या दुधातून लोह पुरेसे मिळत नाही.

३. अंगावरचे दूध दोन वर्षे आणि पुढेही चालू ठेवावे. पहिल्या वाढदिवसानंतरही बाळाला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे तिसरा हिस्सा त्यातून मिळू शकतो. आई कामाला जात असेल तर दूध काढून स्वच्छ झाकणाच्या भांड्यात ठेवावे आणि वाटी-चमच्याने पाजावे.

४. अन्न घट्ट असावे. चमचा तिरपा केला तर ओघळून पडू नये, इतके घट्ट. गुरगुट्या भात आणि घट्ट वरण, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, नाचणीचे सत्त्व, दुधात कुस्करलेली भाकरी, कुस्करलेले केळे, उकडलेला बटाटा. वर चमचाभर तूप किंवा तेल. खाणाऱ्या घरांत अंडे आणि काटे काढलेला मासा सहा महिन्यांनंतर देता येतो.

५. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा आणि नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत तीन-चार वेळा भरवावे. मध्ये एक-दोनदा काही खाऊ. आजारपणानंतर एक वेळ वाढवावी.

६. चहा देऊ नये. चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही आणि भूकही मरते.

७. बाळाला स्वतंत्र वाटी असावी. मोठ्यांच्या ताटातून चार घास भरवले की किती खाल्ले ते कळत नाही. वाटी वेगळी असली की उरलेले दिसते.

८. दर महिन्याला अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन करावे आणि तक्त्यावर खूण करून घ्यावी. दोन महिने वजन वाढले नाही, तर बाळ हसते-खेळते असले तरी दाखवावे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण होय. त्यात थांबू नये, त्वरित उपचार घ्यावेत.

त्या आजींना मी हे सर्व सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, ठसका लागंल म्हणून मी पातळ करत होते हो. आमच्या एका पोराला लागला होता." ही भीती खरी होती आणि मायेपोटी होती. मी त्यांना दवाखान्यातच घट्ट खिचडी चमच्याने कशी भरवायची ते दाखवले. बाळाला मांडीवर ताठ बसवायचे, चमचा अर्धा भरायचा, घास गिळल्यावरच दुसरा द्यायचा. भाकरी दुधात नीट भिजवून बोटांनी कुस्करायची, हे मात्र त्यांनीच मला दाखवले. ते काम त्यांच्या हाताला माझ्यापेक्षा चांगले येत होते.

पाच आठवड्यांनी बाळ पुन्हा आले. वजन आठ किलो शंभर ग्रॅम. अजून पल्ला मोठा आहे, पण तक्त्यावरची रेघ वर वळली आहे. त्याची पहिली कायमची दाढ आज जबड्याच्या आत घडते आहे. ती दिसायला अजून जवळजवळ पाच वर्षे आहेत. तिच्या खालच्या थरात चहा-बिस्किटांचे दिवस राहणारच. वरच्या थरात आता दूध-भाकरी उतरू लागली आहे.

मी माझ्या केसपेपरवर 'आहार : सर्व' लिहिणे बंद केले आहे. आता विचारतो, 'वाटी केवढी, घट्ट की पातळ, दिवसातून किती वेळा, आणि उरते किती?' आपल्या घरात दोन वर्षांच्या आतील मूल असेल, तर आज दुपारी ते जेवताना त्याची वाटी एकदा हातात घेऊन पाहावी, ही विनंती.